आत लिहिलेलं नाव

श्रावणातली अमावास्या जवळ आली की पेणच्या बाजारात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. कारखान्यांमधल्या गणपतींच्या अंगावर रंगाचा शेवटचा हात चढायला लागतो, आणि खाडीकाठच्या गावांतली माणसं भाजी घेता घेता एकमेकांना विचारतात, "बांध कसा हाय यंदा?" वरून पाऊस, खालून उधाण आणि मधे मातीचा बांध, अशा हिशोबानं जगणारी ही गावं. मी त्यातल्याच एकातला. आता पेणमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, तिथवर कुठलंही उधाण पोचत नाही. तरी या दिवसांत माझं जेवणावर लक्ष नसतं, आणि बायको विचारते, "काय होतंय?" तर मी सांगतो, "काही नाही, हवा कोंदट आहे."

काल फोनवर बातमी आली. आमच्या पलीकडच्या गावात बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. एकदा पडली की भरतीचं खारं पाणी सरळ भातात शिरतं आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवतही धड येत नाही. बातमीत मंत्र्यांचं नाव निळ्या अक्षरांत होतं, आमदारांचं निळ्या अक्षरांत होतं, गावाचंही होतं. निळ्या नावावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या आजवरच्या साऱ्या बातम्या ओळीनं उघडतात. सगळ्यांत खाली एक वाक्य होतं. 'स्थानिक महिलांनीही मदतकार्यात भाग घेतला.' ते काळ्या अक्षरांत. मी 'महिलांनीही' या शब्दावर बोट दाबलं. काही उघडणार नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण एके काळी अशी नावं उघडी करण्याचं कामच मी करत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोकणातल्या लांब पल्ल्याच्या गाड्या नव्यानंच धावायला लागल्या होत्या, आणि मुंबईतल्या वर्तमानपत्रांना 'आपणही इंटरनेटवर असलं पाहिजे' असं वाटायला लागलं होतं. इंटरनेट म्हणजे काय ते आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक, पण कंप्युटरचा कोर्स केलेली पोरं मात्र वाड्यावाड्यांतून तयार होती. मीही त्यातला एक. रोह्याला चिटणीसबाईंनी घराच्या माडीवर चार कंप्युटर मांडून काम घेतलं होतं. बाई आधी शाळेत मराठी शिकवायच्या. कुणा नातेवाइकाच्या ओळखीनं एका वर्तमानपत्राच्या बातम्या त्यांच्याकडे यायच्या. त्या बातम्यांना आम्ही खुणा करायच्या आणि परत पाठवायच्या.

खुणा म्हणजे अशा. बातमीत 'पेण' आलं तर माणसाला कळतं की हे गाव आहे. कंप्युटरला ती नुसती दोन अक्षरं. त्याला सांगावं लागतं की हे गाव, हा माणूस, ही संस्था. मग प्रत्येक नावाच्या आधी टोकदार कंसात 'पर्सन' लिहायचं आणि नाव संपलं की पुन्हा कंसात 'पर्सन संपला' असं सांगायचं. आधीची खूण म्हणजे उघडणं, नंतरची म्हणजे मिटणं. मिटायची राहिली की झालं! पुढची सगळी बातमी, पूल, पाऊस, पंचनामा, सगळंच त्या माणसाच्या नावात वाहून जायचं. मी एकदा गमतीनं म्हणालो होतो, "खांड पडली." शेजारी बसणाऱ्या रेश्माला ते फार आवडलं. ती नदीपलीकडच्या अष्टमी गावची. मग आमच्याकडे कुणाची खूण मिटायची राहिली की ती ओरडायची, "बाई, दिनेशची खांड पडली!" बाई हसायच्या. हा शब्द माझ्याकडे कुठून आला हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

कारण मी तिथे 'पेणचा' होतो. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "पेणमध्ये कुठे?" मी म्हणालो, "वडखळच्या बाजूला." बाजूला म्हणजे किती बाजूला, हा प्रश्न त्यांनी सौजन्यानं सोडून दिला. वडखळला उतरून बांधाबांधानं चालत किती जावं लागतं, घरी आई मिठागरावर जाते, मी बोलतो ते 'नाही' घरी गेल्यावर 'नाय' होतं, यातलं काही मी त्या माडीवर नेलं नव्हतं. बूट जसे जिन्याखाली काढून ठेवायचो तसंच तेही. माडी मला फार आवडायची. कंप्युटरवरची कापडी झाकणं, यूपीएसची बारीक घरघर, खिडकीतून मधूनच येणारा जवळच्या केमिकल कंपनीचा आंबूस वास, आणि दुपारी फायली पाठवताना मोडेमचं ते किंचाळणं. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की बाई चहा ठेवायच्या. आपण सुशिक्षितांत बसतो आहोत असं वाटायचं, आणि तसं वाटतंय याचंही मनातून बरं वाटायचं.

बाईंचा एक नियम होता. "बातमीत जे आहे त्यालाच खूण. बातमीत नाही ते तुम्हाला ठाऊक असलं तरी नाही." याला एकच अपवाद. बातमीत नुसतं 'तहसीलदार म्हणाले' असं असेल आणि नाव नक्की माहीत असेल, तर 'तहसीलदार' या शब्दाला खूण करायची आणि खुणेच्या पोटात नाव लिहायचं. वाचणाऱ्याला 'तहसीलदार' एवढंच दिसे. नाव आत, फक्त मशीनला कळेल असं.

त्या वर्षीच्या श्रावणात, अमावास्येच्या उधाणाला, आमच्या गावाची खांड पडली.

आमच्या गावचा रिवाज जुना आहे. खांड पडली की घरटी एक गडी बांधावर. आजारी असो, कामावर असो, सोयरिकीला गेलेला असो, यायचं. भरतीचं पाणी ओसरायला लागलं की पेंढा, बांबू, माती, पोती घेऊन भिडायचं आणि पुढची भरती यायच्या आत तोंड बुजवायचं. काम संपलं की बांधावरच गावचा जाणता माणूस एकेका घराचं नाव पुकारतो. घरचा गडी "हाय!" म्हणतो. उत्तर आलं नाही तर जाणता म्हणतो, "रिकामा." बस, एवढंच. दंड नाही, शिक्षा नाही. पण ते घर वर्षभर रिकामं. लग्नात, पाणवठ्यावर, होळीला, कुणीतरी हसत हसत बोलतंच, "त्यांचा काय बाबा, रिकामा घर." आमच्या लहानपणी एका घराला ते लागलं होतं आणि त्या घरची म्हातारी वर्षभर देवळात आली नव्हती.

बाबा गेल्यापासून आमच्या घरचा गडी मी.

फोन सकाळी उशिरा आला. गावात शाळेजवळच्या दुकानात एकच फोन होता. बाईंनी खालून हाक मारली, "दिनेश, गावाहून." शेजारचा अंकुश बोलत होता. "खांड परली. ये." मी वर आलो. हातात एका साखर कारखान्याच्या निवडणुकीची बातमी अर्धी होती, त्यात नावंच नावं. बाईंना म्हणालो, "घरी जरा काम निघालंय." बाई म्हणाल्या, "जा की. एवढी बातमी मिटवून जा, नाहीतर मला सापडायचं नाही कुठे सोडलंस ते." मी ती मिटवली. फार वेळ लागला असं नाही. पण खांड पडली म्हणून निघतो आहे, असं मी म्हणालो नाही. तसं म्हणालो असतो तर बाईंनी स्वतः मला जिन्यावरून ढकललं असतं, इतक्या त्या चांगल्या होत्या.

पॅसेंजर मिळाली. आणि निडीला थांबली ती थांबलीच. एकेरी रूळ, लांब पल्ल्याची गाडी आधी जाणार, मग मालगाडी. निडीच्या फलाटावर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतो. सगळीकडे हिरवंगार, पाऊस थांबलेला, कुणी बाई डब्याच्या दारात बसून मुलाला केळं भरवत होती. इतकं शांत, सुंदर ठिकाण आणि मला त्याचा असा राग आला की आजही निडी आलं की मी खिडकीतून बाहेर बघत नाही. पेणहून टेम्पोनं वडखळ गाठलं आणि पुढे धावत सुटलो.

बांधावर पोचलो तेव्हा खांड बुजली होती.

सगळं गाव चिखलाचं झालं होतं. कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता, नुसते डोळे आणि दात. आणि मी इस्त्रीची पँट घातलेला, खांद्याला बॅग, हातात बूट. मला पाहून सगळे जरासे बाजूला झाले. रागानं नव्हे, माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून. ते बाजूला होणं मी अजून विसरलेलो नाही.

नावं पुकारणं चालू होतं. धर्मानाना एका दगडावर उभा होता. तो गावचा जाणता. उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं ते त्याच्याच शब्दावर चालायचं. "काशिनाथच्या घरचा?" त्यानं पुकारलं. बाबा जाऊन इतका काळ लोटला तरी घर त्यांच्याच नावाचं.

मी तोंड उघडायच्या आत खालून, पाण्याच्या कडेकडून आवाज आला. "हाय!"

माझी आई होती. कमरेला पदर खोचलेला, केसांपर्यंत चिखल, ओठ निळे पडलेले. नंतर अंकुशनं सांगितलं ते असं. खांडीच्या तोंडाशी, जिथे पाणी खेचतं, तिथे उभं राहून टाकलेली माती पायानं तुडवावी लागते, नाहीतर टाकाल तेवढी वाहून जाते. दोन गडी तिथून घसरले. तेव्हा आई उतरली. मिठागरात वाफ्यांची जमीन पायांनी तुडवूनच घट्ट करतात, तिचा जन्म त्यात गेलेला. छातीइतक्या पाण्यात बांबूला धरून ती तुडवत राहिली आणि तिच्या पायाखाली पहिल्यांदा माती धरली.

नानानं तिच्याकडे पाहिलं. "वयनी, मी गडी इचारतंय."

"मी हाय ना," आई म्हणाली.

"तू हायस गो. गडी कुठं हाय?"

आईनं मला पाहिलं नव्हतं. तिनं पुन्हा म्हटलं, "हाय," पण आवाज अर्धाच. नाना वाईट माणूस नव्हता. पण रिवाज त्याच्या बापापासून आलेला, आणि मागे सगळं गाव ऐकत उभं. "रिकामा," तो म्हणाला आणि पुढचं घर पुकारलं.

मी पुढे होऊन "मी आलोय" म्हणायला हवं होतं असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं. पण कोरड्या कपड्यांत ते म्हणायला तोंड होत नाही. मी तसाच मागच्या मागे वळलो आणि घरी जाऊन चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं. आई आली, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास?" त्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मी रात्री नीट झोपलो असतो.

लाज ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. चूक केलेली असली की माफी मागता येते, माणूस मोकळा होतो. मी चूक अशी काय केली होती? निरोप आल्यावर निघालो होतो. गाडी थांबली त्याला मी काय करणार? कुणालाही विचारलं असतं तरी म्हणाला असता, "तुझा दोष नाही." म्हणूनच मी कुणाला विचारलं नाही. दोष नसताना वाटणारी लाज फेडायला जागाच नसते, ती नुसती घेऊन फिरावं लागतं.

दोनेक दिवसांनी ती बातमी माझ्याच कंप्युटरवर आली.

पेणच्या वार्ताहरानं लिहिलेली, नेहमीसारखी. पालकमंत्री पाहणी करणार, आमदारांनी भेट दिली, खारभूमी खात्याच्या अभियंत्यांनी अमुक सांगितलं. मी एकेक नाव उघडत गेलो, मिटत गेलो. मग मजकूर आला: 'एका महिलेने छातीइतक्या पाण्यात उभे राहून खांडीच्या तोंडाशी माती तुडविल्याने पाणी अडविणे शक्य झाले.' आणि त्याच्याच पुढे: '"आमच्या गावात घरटी एक गडी बांधावर हजर असतो. एकही घर मागे राहिले नाही," असे ज्येष्ठ ग्रामस्थ धर्मा पाटील यांनी सांगितले.'

एकही घर मागे राहिले नाही! गावाची अब्रू बाहेर झाकायची आणि आत मोजायची, ही आमची जुनीच पद्धत. मी 'धर्मा पाटील' उघडला, मिटला. त्याला खूण मिळाली. त्याचं नाव आता मशीनला कळणार होतं.

रेश्मा माझ्या खांद्यावरून वाचत होती. "अल्ला! छातीइतक्या पाण्यात? कोण असेल रे ती?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

बाईही उठून आल्या. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं. "काय धाडस असतं हो या लोकांचं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मला 'या लोकांचं' एवढेच दोन शब्द ऐकू आले. त्या माडीवर 'या लोकांतला' एक बसलेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं याला त्या थोड्याच जबाबदार होत्या?

दोघी जागेवर गेल्यावर मी ते केलं. 'एका महिलेने' या शब्दांच्या आधी पर्सन उघडला, नंतर मिटला, आणि खुणेच्या पोटात नाव लिहिलं: भागीरथी काशिनाथ म्हात्रे. आईचं पूर्ण नाव मी त्याआधी कधी लिहिलं होतं ते आठवेना. मंत्री, आमदार, अभियंता, नाना आणि आई, सगळी एकाच बातमीत, एकाच दर्जाची. मशीनच्या लेखी तिथे कुणी वयनी नव्हती की गडी नव्हता. मला वाटलं, फेडलं मी.

बाई सगळ्या फायली पाठवण्याआधी तपासायच्या. त्यांना ते सापडलंच. "दिनेश, हे नाव कुठून आलं? बातमीत नाही."

"मला ठाऊक आहे बाई. नक्की."

"ओळखीच्या आहेत?"

हीच ती वेळ होती. दोन अक्षरं बोलायची होती. रेश्मा कंप्युटर सोडून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "आमच्या त्या बाजूच्या आहेत."

बाईंनी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "नक्की ना? मग राहू दे. खरं नाव असलेलं बरं. तसंही कुणाला दिसणार नाहीये." आणि मोडेम किंचाळला, फाईल गेली.

ते संकेतस्थळ पुढे काही वर्षांनी बंद पडलं. जुन्या बातम्या कुठे गेल्या ते विचारायला आता कुणी नाही. चिटणीसबाई पुण्याला लेकीकडे गेल्या. रेश्मा कुठल्याशा आखाती देशात आहे म्हणतात. मी मागे एकदा हौसेनं आईचं नाव शोधून पाहिलं. मतदार यादी निघाली, आणखी काही नाही.

पण त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत घरी आलो. सांगायचं मात्र लगेच जमलं नाही. सांगितलं ते गणपती आणायला गेलो तेव्हा.

आमच्याकडे गणपती पाटावर असतो, आणि पाट आपल्याच घरचा. श्रावणाच्या सुरुवातीला पाट पेणच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. पाटाच्या खालच्या अंगाला घरच्या गड्याचं नाव खडूनं लिहायचं. त्याच पाटावर ते मूर्ती बसवतात, म्हणजे कुणाचा गणपती कुणाकडे जायला नको. आमच्या पाटाखाली 'दिनेश का. म्हात्रे' होतं. टेम्पोत मागे बसून मी मूर्ती मांडीवर घेतली होती, तोंडावर रुमाल झाकलेला. आई शेजारी, एका हातानं पाट धरून.

"आये," मी म्हणालो, "तुजा नाव टाकलाय मी. बातमीत. कंप्युटरवर."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि ती अशी हसली, की तशी हसताना मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. "माजा? खांडीचा?"

"व्हय."

"काय लिवलंस?"

"भागीरथी काशिनाथ म्हात्रे."

तिनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. "कवा बगाला मिलंल? अंकुशच्या बायकूला वाचता येतां. तिला घेऊन येतंय मी."

"तसं दिसत नाय ते," मी म्हणालो. "बातमीत 'एक महिला' असाच दिसतो. नाव आत हाय. मशीनला कलता."

"मानसाला?"

"मानसाला नाय."

टेम्पो वडखळच्या नाक्यावर थांबला होता, अलिबागच्या गाड्या वळत होत्या. आई त्या गाड्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, विषय संपला. मग ती म्हणाली, "नानानी बी मना बगितला व्हता. नि नाव घेतला नाय."

टेम्पो हलला.

"तू लिवलास. नि झाकून ठेवलास." तिच्या आवाजात राग नव्हता, विचारायचं म्हणून विचारत होती. "तुना लाज वाटली काय रं, माजी?"

मांडीवर गणपती होता, हलता येत नव्हतं. मी 'नाय' म्हणालो असतो तर ते खोटं होतं, आणि 'व्हय' म्हणालो असतो तर मी कुठे तोंड लपवलं असतं? मी रुमाल सरळ केला. तो आधीच सरळ होता. आईनं पाट दुसऱ्या हातानं धरला आणि म्हणाली, "सांबाल. सोंड लागंल."

घर वर्षभर रिकामं राहिलं. लोक हसले, नाही असं नाही. मी त्यांच्यावर कधी चिडलो नाही. त्यांनी मला नुसतं न आलेला म्हटलं होतं. आईनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

पुढच्या श्रावणात पाट कारखान्यात द्यायला आई एकटी गेली. मला म्हणाली, "तू जा तुज्या कामाव." गणपती आणायलाही अंकुश गेला. मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मूर्ती बसली होती, वरती माटोळी, म्हणजे फळापानांची चौकट, बांधून झाली होती, आरतीला माणसं जमत होती. मी पाया पडायला वाकलो आणि माझं लक्ष पाटाकडे गेलं.

पाटाच्या समोरच्या कडेवर, सगळ्यांना दिसेल असं, कारखान्यातूनच रंगानं नाव घालून आणलं होतं. पीतांबराचा तोच पिवळा रंग. चांगल्या ठसठशीत अक्षरांत: भागीरथी काशिनाथ म्हात्रे.

माझा हात काय करतो आहे ते मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी समोरच्या ताटातली दुर्वांची जुडी उचलून पाटाच्या कडेवर, बरोबर त्या नावावर ठेवली होती. लोक हसतील, असं मनात आलं होतं. बाईमाणसाचं नाव पाटावर, तेही समोर! आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती आली, वाकली, दुर्वा उचलल्या आणि मूर्तीच्या पायाशी ठेवल्या. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

तेवढ्यात धर्मानाना आला. गावातल्या प्रत्येक गणपतीची आरती त्याच्या आवाजानं सुरू व्हायची. तो पाया पडला, उठताना थबकला आणि पाटाजवळ तोंड नेलं. त्याला अक्षरं जुळवून वाचायची सवय. आणि वाचायचं ते मोठ्यानं, बांधावर पुकारतो तसं.

"भा-गी-रथी," त्यानं वाचलं. "काशिनाथ. म्हात्रे."

घरात माणसांची दाटी होती. अंकुशच्या हातातला टाळ वाजता वाजता थांबला. आणि उंबऱ्यातून, बायकांच्या घोळक्यातून, पूर्ण आवाजात उत्तर आलं.

"हाय!"

नानानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, "हाय," असं स्वतःशीच म्हणाला, आणि आरतीला सूर लावला. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मला ती आरती लहानपणापासून पाठ आहे. त्या संध्याकाळी शेवटच्या कडव्यापर्यंत मी पाटावरचं नावच वाचत राहिलो.